दंडाच्या आतली त्वचा

गेल्या पावसाळ्यात आई अंगणात घसरली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर होते तो दीड महिना तिला न्हाऊ घालण्याचे काम माझ्याकडे आले. आई आता एक्याऐंशी वर्षांची आहे. प्लास्टर भिजू नये म्हणून उजव्या हाताला पिशवी बांधायची, तो हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायला सांगायचा आणि पाठीपासून सुरुवात करायची, असा आमचा क्रम ठरून गेला होता. एका सकाळी तिचा डावा हात वर धरून दंडाला साबण लावताना मी थबकले. दंडाची आतली, काखेकडची बाजू मऊ आणि एकसारख्या रंगाची होती. वयामुळे ती पातळ झाली होती, सैलही पडली होती, पण तिच्यावर एक डाग नव्हता आणि खोल म्हणावी अशी एकही सुरकुती नव्हती. त्याच हाताची कोपराखालची बाहेरची बाजू मात्र कोरडी आणि खरखरीत होती, तिच्यावर रेषांचे जाळे होते, मधूनमधून मसुरीच्या डाळीएवढे तपकिरी डाग होते, आणि कातडी चिमटीत धरून सोडली की ती क्षणभर तशीच उभी राहायची.

हात एकच, बाई एकच, वर्षेही तीच एक्याऐंशी. आईच्या दंडाने आणि तिच्या मनगटाने आयुष्यभर एकाच ताटातले अन्न खाल्ले होते. फरक होता तो उन्हाचा. आई तासगाव तालुक्यातल्या एका गावात वाढली आणि लग्नानंतरही बरीच वर्षे शेतात राबली. त्या काळच्या चोळीची बाही कोपराच्या वर संपत असे. आज द्राक्षबागेत विरळणीला जाणाऱ्या बाया साडीवर पुरुषी, पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात आणि डोक्यावरून रुमाल घेऊन तो नाकापर्यंत बांधतात. आईच्या पिढीला तो सदरा मिळाला नाही. तो मिळाला असता तर तिच्या मनगटावरची त्वचा पुष्कळ अंशी दंडासारखी राहिली असती, याबद्दल मला शंका नाही.

मी आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. त्वचेच्या तारुण्यासाठी काय खावे, असे नात्यातल्या आणि ओळखीच्या कितीतरी जणी मला विचारतात आणि मला त्या प्रश्नाविषयी मनापासून आस्था आहे. पण उत्तराची सुरुवात मी नेहमी उन्हापासून करते, कारण आहाराकडून काय अपेक्षा ठेवावी हे त्याशिवाय कळत नाही. अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र २०१२ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. माणूस एकोणसत्तर वर्षांचा होता आणि त्याने अठ्ठावीस वर्षे मालाची गाडी चालवली होती. तिकडे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे खिडकीच्या काचेतून येणारे ऊन त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर पडत राहिले. त्या छायाचित्रात उजवा गाल एका माणसाचा आणि डावा गाल त्याच्या बापाचा वाटतो.

ऊन हे करते कसे, ते थोडक्यात सांगते. आपली त्वचा ताठ आणि लवचीक राहते ती वरच्या पातळ थराखाली असलेल्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांमुळे. उन्हातले अतिनील किरण त्वचेत शिरले की तिथल्या ऑक्सिजनपासून काही अतिशय उतावळे रेणू तयार होतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांत एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो आणि तो उणेपणा भरून काढण्यासाठी ते शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढतात. यांनाच मुक्त मूलके म्हणतात. ती पेशींच्या आवरणातली स्निग्ध द्रव्ये खराब करतात, आणि त्याहून वाईट म्हणजे पेशींना चुकीचा निरोप देतात. तो निरोप मिळाला की पेशी कोलॅजेन कापणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, जास्त आणि नवे कोलॅजेन कमी तयार करू लागतात. एका दुपारचे नुकसान नजरेला दिसत नाही. चाळीस वर्षांच्या दुपारी एकत्र झाल्या की ते आईच्या मनगटासारखे दिसते.

अँटिऑक्सिडंट म्हणजे आपला इलेक्ट्रॉन देऊन अशा उतावळ्या रेणूला शांत करणारे द्रव्य. हा शब्द आता साबणाच्या वेष्टनापासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत सगळीकडे छापलेला असतो, त्यामुळे त्याचा अर्थ पुसट झाला आहे. माझ्या विद्यार्थिनींना तो मी डोळ्यांनी दाखवत असे. शंकुपात्रात आवळ्याचा गाळलेला रस आणि स्टार्चचे थोडे द्रावण घ्यायचे आणि वर ब्युरेटमध्ये, म्हणजे थेंब थेंब सोडता येणाऱ्या मापाच्या नळीत, आयोडीन भरायचे. आयोडीनचा तपकिरी थेंब रसात पडतो, पडल्या जागी क्षणभर गर्द निळा ढग उमटतो आणि पात्र हलवताच तो नाहीसा होतो. दुसरा थेंब, तिसरा, दहावा. प्रत्येकाचे तेच होते, कारण रसातले क जीवनसत्त्व आयोडीनला इलेक्ट्रॉन देऊन त्याचा रंग काढून घेत असते. मग एका थेंबाला तो निळा रंग जात नाही. द्यायला होते ते सगळे संपलेले असते. संत्र्याच्या रसाला ही वेळ लवकर येते आणि आवळ्याच्या रसाला इतकी उशिरा येते, की मुली कंटाळून पात्र या हातातून त्या हातात घेत. आदल्या दिवशी चिरून उघड्यावर ठेवलेल्या फळाचा रस घेतला की निळा रंग आधीच येऊन बसतो, हेही त्यांना तिथेच कळत असे आणि घरी कोशिंबीर आयत्या वेळी का करायची, ते वेगळे सांगावे लागत नसे.

या प्रयोगात आवळ्याचा आकडा थोडा फुगतो, हेही सांगायला हवे, कारण आवळ्यातली तुरट द्रव्येसुद्धा आयोडीनला इलेक्ट्रॉन देतात. आपल्याकडच्या जुन्या कोष्टकांत शंभर ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलेले आढळते, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या कोष्टकात ते २५० च्या आसपास आहे. कमी झालेल्या आकड्याने आवळ्याची योग्यता मला तरी कमी वाटत नाही. प्रौढ बाईची दिवसाची गरज याच संस्थेने ६५ मिलिग्रॅम आणि पुरुषाची ८० मिलिग्रॅम सांगितली आहे, म्हणजे मध्यम आकाराच्या एका आवळ्यात ती भागते. पेरू आवळ्याच्या फार मागे नाही. थंडीत हातगाडीवर तिखटमीठ लावून मिळणारा पेरू हे आपल्याकडचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित सौंदर्यप्रसाधन आहे, असे मी वर्गात सांगत असे आणि आजही सांगते.

क जीवनसत्त्व नुसते मुक्त मूलकांना शांत करून थांबले असते, तर मी त्याच्याविषयी इतके लिहिले नसते. त्वचेच्या दृष्टीने त्याचे खरे काम वेगळेच आहे. कोलॅजेनचा धागा तीन पेडांच्या वेणीसारखा असतो आणि ती वेणी घट्ट बसण्यासाठी काही ठिकाणी छोटी रासायनिक गाठ मारावी लागते. ती गाठ मारणाऱ्या विकराच्या केंद्रस्थानी लोहाचा एक अणू असतो. काम करता करता ते लोह ऑक्सिडीकरणाने निकामी होते आणि क जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामाजोगे करते. क जीवनसत्त्व नसेल तर गाठ पडत नाही आणि सैल वेणी शरीरात टिकत नाही.

याचे वाचताना अंगावर काटा आणणारे उदाहरण इंग्लंडच्या नौदलाच्या इतिहासात आहे. कमोडोर ॲन्सन यांच्या १७४० ते १७४४ या जगप्रदक्षिणेत स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगाने, शेकडो खलाशी मेले. त्या सफरीच्या वृत्तान्तात एका म्हाताऱ्या खलाशाची हकीकत नोंदलेली आहे. १६९० साली आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत त्याला जखमा झाल्या होत्या आणि त्या केव्हाच भरून आल्या होत्या. समुद्रावर स्कर्व्ही झाल्यावर पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या जखमा पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. भरलेली जखम ही झालेली, संपलेली गोष्ट आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात व्रणातले कोलॅजेन सतत मोडत आणि नव्याने विणले जात असते. विणायचे सामान येणे थांबले की मोडणे तेवढे उरते. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १७४७ साली, जेम्स लिंड या नौदलाच्या शल्यवैद्याने ‘सॅलिसबरी’ जहाजावर बारा आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, आणि संत्री व लिंबू मिळालेली जोडी आठवडाभरात उभी राहिली. लिंबातले ते द्रव्य कोणते, हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना ते प्रयोगापुरतेही पुरेसे मिळत नव्हते. एका रात्री पत्नीने ताज्या लाल मिरच्यांचा पदार्थ वाढला, त्यांना तो खावासा वाटेना, म्हणून मिरच्या घेऊन ते प्रयोगशाळेत गेले आणि मध्यरात्रीपर्यंत त्यांना कळले की त्या क जीवनसत्त्वाने ठासून भरलेल्या आहेत, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

शेळी, गाय आणि कुत्रा आपापले क जीवनसत्त्व शरीरातच तयार करतात. माणसाच्या पूर्वजांनी ती क्षमता फार पूर्वी गमावली. त्यामुळे आपल्याला ते रोज खावे लागते आणि साठवूनही फारसे ठेवता येत नाही. दिवसाला दोनशे ते चारशे मिलिग्रॅमच्या पुढे कितीही घेतले तरी रक्तातली पातळी जवळपास तेवढीच राहते आणि उरलेले लघवीवाटे निघून जाते. महिन्यातून एकदा फळांची टोपली आणून घरादाराने तुटून पडण्यापेक्षा रोज जेवताना पानाच्या डावीकडे लिंबाची फोड असणे त्वचेला जास्त उपयोगी पडते, ते यामुळे. आई भाजी धुऊन मग चिरत असे, चिरून मग धुणाऱ्या सुनेला ती रागे भरत असे, मटकीला मोड आल्याशिवाय उसळीला हात घालत नसे आणि वरणावर कोथिंबीर गॅस बंद केल्यावरच टाकत असे. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, उष्णतेने नासते आणि कडधान्याला मोड येताना नव्याने तयार होते, हे मी पुस्तकात वाचले तेव्हा मला आईच्या स्वयंपाकघरातली ही शिस्त पुन्हा नव्याने दिसली. तिला कारण माहीत नव्हते. तिच्या आईने असे केले म्हणून ती तसे करत होती.

मात्र एकट्या क जीवनसत्त्वावर भागत नाही. ते पाण्यात राहणारे आहे, आणि पेशीचे आवरण स्निग्ध द्रव्यांचे असते. तिथे पहारा असतो ई जीवनसत्त्वाचा. मुक्त मूलकाला इलेक्ट्रॉन देऊन ई जीवनसत्त्व स्वतः रिकामे होते, तेव्हा आवरणाच्या काठाशी असलेले क जीवनसत्त्व त्याला आपला इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा उभे करते, आणि क जीवनसत्त्वाला पुढे ग्लुटाथिओनसारखी शरीरातच तयार होणारी द्रव्ये सावरतात. घर बांधताना विटा जशा खालच्या माणसाकडून वरच्याकडे हातोहात चढतात, तसे हे चालते. रांगेतला एक माणूस कमी पडला की विटा खाली साचून राहतात, मग बाकीचे कितीही धट्टेकट्टे असोत.

या रांगेचा विचार करताना मला दर वर्षी भोगी आठवते. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असे आपल्याकडे म्हणतात, आणि त्या दिवशीच्या ताटात काय काय असते ते एकदा शांतपणे पाहावे. गाजर, पावटे, ओला हरभरा, वांगी, बोरे, शेंगदाणे, तिळाचे कूट, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा. गाजराचा केशरी रंग हेही एक अँटिऑक्सिडंट आहे, पण तो स्निग्ध पदार्थाशिवाय आतड्यातून नीट शोषला जात नाही. इथे तेल, तीळ, दाणे आणि लोणी सगळेच त्याच्या सोबत आहे. शेंगदाण्यात ई जीवनसत्त्व असते. आणि तिळातल्या व दाण्यातल्या तेलात लिनोलेइक आम्ल आहे, ज्याच्यावाचून त्वचेचा सर्वांत वरचा, पाणी धरून ठेवणारा थर घडतच नाही. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ साली उंदरांच्या आहारातून स्निग्ध पदार्थ काढून टाकले, तेव्हा उंदरांच्या कातडीला कोंडा धरून ती खवल्यांसारखी झाली होती. थंडीने अंग उलायला लागते नेमक्या त्या दिवसांत आपल्याकडे तीळ खायचे सांगितले आहे. बारीक होण्याच्या नादात तेलाचा थेंब वर्ज्य करणाऱ्या आणि मग महागडी मलमे शोधणाऱ्या तरुण मुली मी पाहते, तेव्हा त्यांच्यासमोर बसून त्यांना करडईच्या तेलाची फोडणी दिलेली पालेभाजी आणि दाण्याची चटणी भाकरीशी वाढावी असे मला फार वाटते. करडईच्या तेलात हे आम्ल भरपूर असते आणि ई जीवनसत्त्वही.

आहाराने त्वचेचे संरक्षण होते याचा पुरावा आहे का, असे कोणी विचारले तर मी टोमॅटोचे उदाहरण देते. जर्मनीत ड्युसेलडॉर्फ इथल्या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात काही निरोगी माणसांना रोज चाळीस ग्रॅम आटवलेला टोमॅटो ऑलिव्ह तेलाबरोबर दहा आठवडे खायला दिला. त्यानंतर ठरावीक मात्रेच्या अतिनील प्रकाशाने त्यांच्या त्वचेवर येणारी लाली, टोमॅटो न खाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी भरली. यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा तपशील निराळाच आहे: चौथ्या आठवड्यात मोजणी केली तेव्हा काहीच फरक पडलेला नव्हता. टोमॅटोचा लाल रंग, म्हणजे लायकोपीन, शिजवल्याने आणि तेलाने शरीराला अधिक मिळतो आणि मग हळूहळू त्वचेत जाऊन बसतो. आठ दिवस सार पिऊन आरशात पाहणारी बाई म्हणूनच निराश होते. हे संरक्षण उन्हाची छत्री किंवा सदरा यांची जागा घेऊ शकेल इतके मोठे नाही. पण ते अंगभर असते, पुसले जात नाही आणि घाम आला तरी ओघळत नाही.

अमेरिकेतल्या ४० ते ७४ वयोगटातल्या ४,०२५ स्त्रियांच्या आहाराची आणि त्वचेची २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तुलना केली होती. ज्यांच्या आहारात क जीवनसत्त्व जास्त होते त्यांच्यात सुरकुत्या आणि कोरडेपणा कमी आढळला, तर लिनोलेइक आम्ल जास्त घेणाऱ्यांत कोरडेपणा आणि त्वचेचे पातळ होणे कमी आढळले. पेरू खाणारी बाई इतर गोष्टींतही स्वतःची काळजी घेणारी असू शकते, त्यामुळे एवढ्यावरून सगळे श्रेय पेरूला देता येत नाही. तरीही वर सांगितलेल्या रसायनशास्त्राशी हे जुळते आहे.

आता गोळ्यांविषयी, कारण त्या बाबतीत मी स्वतः चुकले. पन्नाशीच्या सुमारास माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. सगळे रसायनशास्त्र येत असूनही मी घाबरले आणि एका दुकानातून, तिथल्या माणसाने आत्मविश्वासाने हातात ठेवलेल्या अँटिऑक्सिडंटच्या महागड्या कॅप्सूल घेऊन आले. चार महिने त्या नेमाने घेतल्या. वांग तसेच राहिले आणि पोट बिघडले. नंतर ज्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले त्यांनी कॅप्सूल बंद करायला सांगितल्या, उन्हात जाताना चेहरा झाकायला आणि रोज मलम लावायला सांगितले आणि मग माझ्या जेवणाची चौकशी केली. पैसे गेल्याचे मला फार वाटले नाही. वाटले ते याचे, की एकटी वीट घेऊन घर बांधायला निघू नये हे मी वर्गात शिकवत होते आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मला ते आठवले नाही.

फिनलंडमध्ये झालेला मोठा अभ्यास मी तोवर अनेकदा शिकवला होता. धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांपैकी काहींना रोज वीस मिलिग्रॅम बीटा कॅरोटीनची, म्हणजे गाजरातल्या रंगद्रव्याची, गोळी दिली गेली. त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ साली निष्कर्ष आले, तेव्हा ती गोळी घेणाऱ्यांत कर्करोग अठरा टक्के जास्त आढळला होता. गाजर खाणाऱ्याला असे काही होत नाही. एकच द्रव्य वेगळे काढून, साथीदारांवाचून, मोठ्या मात्रेत शरीरात घातले की ते कसे वागेल याचा भरवसा नसतो. गोरे होण्यासाठी ग्लुटाथिओनची इंजेक्शने घेणाऱ्या मुलींविषयी ऐकते तेव्हा मला काळजी वाटते ती यामुळेच. जे द्रव्य आपले यकृत डाळीतल्या, अंड्यातल्या आणि दुधातल्या प्रथिनांपासून रोज तयार करते, ते शिरेतून घेण्याची जोखीम निरोगी मुलीने का पत्करावी?

आणि गोरेपणा हा त्वचेच्या आरोग्याचा भागच नाही. आपल्या सावळ्या रंगाचे मेलॅनिन स्वतःच अतिनील किरण अडवते आणि मुक्त मूलकांना शांतही करते. सावळ्या त्वचेवर सुरकुत्या गोऱ्या त्वचेपेक्षा उशिरा येतात, हे त्वचारोगशास्त्राच्या पुस्तकांत स्पष्ट लिहिलेले असते. वय चोरण्याची देणगी जन्मतः घेऊन आलेल्या मुलींना आपण लहानपणापासून त्या देणगीची लाज वाटायला लावतो, याचे मला अतोनात वाईट वाटते.

साखरेविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. व्रणाची गोष्ट वेगळी, पण धड त्वचेतले कोलॅजेन एकदा पक्के झाले की फार सावकाश बदलते. त्यातले अर्धे बदलायला सुमारे पंधरा वर्षे लागतात. इतका काळ ते रक्तातल्या साखरेच्या संगतीत राहते आणि साखरेचे रेणू त्याच्या धाग्यांना चिकटून त्यांना एकमेकांशी जखडून टाकतात. जखडलेला धागा वाकत नाही, तुटतो. मोरावळा मला प्रिय आहे, पण त्यात आवळ्याइतकीच साखर असते हे विसरून तो वाडगाभर खाऊ नये. दिवसाला पाच कप गोड चहा आणि त्यासोबत बिस्किटे हे तर मोरावळ्याचेही पुण्य पदरात पाडत नाहीत.

हे सगळे मला नीट माहीत होते. तरीही आईला न्हाऊ घालताना जे मनात आले ते पुस्तकातले नव्हते. ती विकरे, ते लोह, ते क जीवनसत्त्व मी तिच्या ताटात शोधू लागले आणि मला तिचे ताट आठवेना. माझे आठवत होते, भावांचे आठवत होते, वडिलांचे तर वाटीसकट आठवत होते. आई शेवटी जेवायची. आम्ही उठल्यावर भाजीच्या पातेल्यात जे कडेला उरले असेल त्यात भाकरी पुसून घ्यायची, कोशिंबीर बहुधा संपलेली असायची आणि पिळून झालेल्या लिंबाची फोड ती स्वतःच्या आमटीत पुन्हा एकदा पिळायची. पेरू चिरला की बिया असलेला मधला गर तिचा. जेवण होताच चहा, कारण पुढच्या कामाला अंगात जोर हवा; आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा अन्नातले लोह शोषू देत नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. कोलॅजेनची गाठ बांधणाऱ्या विकराला लोह लागते, हे वर सांगितलेच आहे. बायकांच्या निस्तेज चेहऱ्यावर उपाय म्हणून जी शेकडो प्रसाधने बाजारात येतात, त्यांपैकी एकही त्यांना पहिल्या पंगतीला बसवत नाही. त्वचेसाठी काय खाऊ असे मला विचारणारीला मी आता उलट विचारते, की तू घरात कितव्या नंबरावर जेवतेस? बऱ्याच जणी हसतात. एकदोघी गप्प झालेल्याही मी पाहिल्या आहेत.

प्लास्टर निघाले तरी आईच्या मनगटात पूर्वीचा जोर आला नाही. कार्तिकात मी बाजारातून आवळे आणले, तेव्हा विळीवर दाब देऊन ते चिरणे तिला जमेना, म्हणून विळी माझ्याकडे आली आणि ती शेजारी पाटावर बसून सांगू लागली, बी कशी सोडवायची, फोडी किती जाड ठेवायच्या. फोडींवर मीठ घालून मी वाटी तिच्यापुढे ठेवली. तिने ती सवयीने माझ्या मुलाकडे सरकवली.

“पोराला दे आधी.”

“आई, आधी तू. त्याचे वेगळे काढलेत.”

ती वाटीकडे बघत राहिली. मग तिने एक फोड उचलली, तोंडात टाकली, तुरटपणाने डोळे मिटून घेतले आणि सावकाश चघळत राहिली. दुसरी घेतली. तिसरीही घेतली. तांब्या उचलायला तिने डावा हात पुढे केला, पदर खांद्यावरून घसरला आणि दंडाची ती आतली बाजू खिडकीतून येणाऱ्या उजेडात आली. पाणी पिऊन तिने तांब्या खाली ठेवला.

“पाणी गोड लागतंय बघ,” ती म्हणाली आणि वाटी पुन्हा स्वतःकडे ओढून घेतली.